वेगाचे दोन धर्म

१९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये प्लेस्टेशनसाठी ‘ग्रान टुरिझ्मो’ हा मोटारशर्यतीचा खेळ आला, तेव्हा त्याच्या उंबरठ्यावरच खेळणाऱ्याला दोन दारे दिसत. पहिल्या दारातून आत गेले की आवडेल ती मोटार घ्यायची, आवडेल तो मार्ग निवडायचा आणि मिनिटाच्या आत वाऱ्याशी झोंबायला सुरुवात करायची. दुसऱ्या दारात मात्र आधी परवाना मागितला जाई: वेग गाठून आखलेल्या पट्ट्यात थांबून दाखवा, हे वळण ठरल्या सेकंदांत घेऊन दाखवा, मग तुटपुंज्या पैशांत एखादी जुनी गाडी घ्या, लहानसहान शर्यती जिंका आणि त्या कमाईतून टायर, ब्रेक, सस्पेन्शन एकेक करून सुधारत न्या. पहिल्या दाराचे नाव आर्केड, दुसऱ्याचे सिम्युलेशन. काझुनोरी यामाउची आणि त्यांचे सहकारी सुमारे पाच वर्षे या खेळासाठी खपले होते आणि त्यांच्या मनाची ओढ उघडच दुसऱ्या दाराकडे होती. तरी पहिले दार त्यांनी बंद केले नाही. पुढे खेळणाऱ्यांचे दोन पंथ झाले, ‘खरा’ खेळ कोणता यावर त्यांची आजही हमरीतुमरी चालते. मला त्या वादापेक्षा ती दारे एकमेकांना लागून असणे अधिक बोलके वाटते, कारण जगाचे हुबेहूब अनुकरण करण्याची हौस आणि जगाच्या जाचातून घटकाभर सुटण्याची हौस एकाच मनात नांदतात, आणि त्यांतली कोणती कधी जागी होईल हे त्या मनालाही आधी ठाऊक नसते.

हा प्रश्न यंत्रयुगापेक्षा फार जुना आहे. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात रंगभूमीच्या दोन धर्मी सांगितल्या: लोकांच्या सहज वागण्याबोलण्याला धरून चालणारी लोकधर्मी, आणि संकेत, लय व मुद्रा यांच्या बळावर वास्तवापासून उंच उठणारी नाट्यधर्मी. एकीला खरी आणि दुसरीला खोटी म्हणण्याचा मोह त्यांना झाला नाही. रंगमंचावर रथ आणायचा कसा, हा तर अगदी व्यवहाराचा प्रश्न. त्याचे उत्तर सुताराकडे न मागता त्यांनी नटाच्या चालीकडे मागितले. सारथ्याच्या हाती चाबूक आणि लगाम असल्याचा अभिनय, पावलांची विशिष्ट गती, आणि जागच्या जागी रथ धावू लागतो. वेग हा चाकांचा गुण आहे की पाहणाऱ्याच्या जाणिवेचा, या प्रश्नाशी भरतमुनी दोन हजार वर्षांपूर्वी येऊन थांबले होते, असे मला वाटते.

गोव्यात पेडण्याच्या देवळांपुढे जत्रेच्या रात्री रंगणाऱ्या दशावतारात हे उत्तर अजून जिवंत आहे. मंचावर सामान म्हणावे असे एकच लाकडी बाकडे. राजा बसला की ते सिंहासन, योद्धा चढला की रथ, ऋषी टेकला की आश्रमातली शिळा. संवाद लिहिलेले नसतात, ते उभ्याउभ्या सुचतात. वेगाची सारी जबाबदारी पखवाज, झांज आणि पायपेटी यांच्यावर. युद्धाला तोंड लागले की दोन नट तलवारी परजत गिरक्या घेतात, पखवाजाचा ठेका चढत जातो आणि पुढे बसलेल्या पोरांचे श्वास त्याबरोबर चढत जातात. बाकडे बाकडेच आहे हे त्यांना पक्के ठाऊक असते. पण हाच प्रेक्षक दुसऱ्या बाबतीत विलक्षण कठोर असतो: धर्मराजाच्या तोंडी हलके वाक्य आले, किंवा नुकताच शाप मिळालेला राजा पुढच्या प्रवेशात तो विसरल्यासारखा वागला, तर म्हाताऱ्या बायाही कुजबुजू लागतात. जगाशी साम्य नसले तरी चालते, आपल्याच कथेशी बेइमानी चालत नाही. कलेतल्या सत्याची ही कसोटी ग्रंथ न वाचलेल्या माणसांनी सांभाळली आहे.

शाकुंतलाच्या पहिल्या अंकात दुष्यंत हरणामागे रथ पिटाळतो. तिथे राजाच्या तोंडून येणारे वेगाचे वर्णन डोळ्यांच्या अनुभवाचे आहे: दूरची बारीकशी वस्तू बघता बघता थोरली होऊन सामोरी येते आणि जवळ-दूर हा भेदच पुसला जातो. १९८६ मध्ये सेगाच्या यू सुझुकी यांनी ‘आउट रन’ घडवला, तेव्हा त्यांच्या यंत्राला त्रिमितीतला खरा रस्ता उभारता येत नव्हता. सपाट चित्रे झपाझप लहानाची मोठी करणे एवढेच त्याला साधत होते. क्षितिजावर ठिपक्याएवढे झाड उगवे, वाढत वाढत खेळणाऱ्याच्या कानाजवळून निघून जाई, की मागोमाग दुसरे. कालिदासाने शब्दांत टिपलेली किमया त्या यंत्राने त्याच रीतीने, पण चित्रांत केली. लाल उघडी मोटार, शेजारी सोनेरी केसांची सखी, निघण्याआधी रेडिओवर निवडायची धून, दर टप्प्यानंतर दुभंगणारा रस्ता. गाडी आदळून उलटलीच तर दोघे बाहेर फेकले जात आणि धुळीत उठून बसत, जिवाला काही होत नसे. आधी खेळघरांतल्या हलत्या डुलत्या आसनांवर आणि मग घरच्या कन्सोलवर पोचलेल्या या खेळात मोटारीचे शास्त्र फारसे नव्हते. पण मोटारीत बसलेल्या माणसाचे स्वप्न नेमके होते, आणि स्वप्नाशी प्रामाणिक राहणे हीही एक जातीची वास्तवनिष्ठाच म्हटली पाहिजे.

दुसऱ्या दारापलीकडचा आनंद मला उशिरा कळला, तो म्हापशाला खोर्लीत राहणाऱ्या भाच्यामुळे. त्याच्या टेबलाच्या कडेला एक स्टिअरिंग व्हील आवळून बसवलेले आहे, पायाशी पेडल आहेत, आणि तो एकच वळण पुन्हा पुन्हा घेत बसतो. सरळ रेषेत असताना ब्रेक पूर्ण दाबायचा, वळणाच्या तोंडाशी तो झटक्यात न सोडता कणाकणाने सोडत जायचे, म्हणजे गाडीचा भार पुढच्या टायरांवर टिकतो आणि नाक आत वळते. क्षणभर आधी सोडला तर गाडी बाहेर वाहवते, क्षणभर नंतर सोडला तर शेपूट फिरते. व्हील त्याच्या हातात थरथरते, टायरांची पकड सुटू लागली की एकदम हलके पडते, आणि पडद्यावर काही दिसण्याआधीच त्याच्या मनगटांना ते समजलेले असते. ‘मामा, ब्रेक मारणं कोणालाही येतं, सोडणं शिकावं लागतं,’ तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. मला डिचोलीकडचा एक जुना ट्रकचालक आठवला. २०१२ मध्ये खाणी थांबण्यापूर्वी डिचोली-साखळीच्या लाल धुळीच्या रस्त्यांवरून खनिजाने भरलेल्या ट्रकांच्या रांगा मांडवीकाठच्या जेटींकडे जात आणि रिकाम्या परतत. भरलेली गाडी आणि रिकामी गाडी या दोन निराळ्या गाड्या असतात, ब्रेकवरचा पाय दर फेरीला नव्याने शिकवावा लागतो, असे तो सांगे. इंधन जळून हलकी होत जाणारी मोटार आणि तापून चिकट होणारे टायर यांचे गणित मांडणाऱ्या खेळांना त्याचे म्हणणे पुरते उमगले आहे. भार, घर्षण आणि संयम यांच्या या व्याकरणात जो रमला, त्याला गवयाच्या रियाजातले सुख मोटारीच्या चाकाशी बसून मिळते.

तरीही वास्तवाचा गजर करणारे हे खेळ वास्तवातले काय उचलतात आणि काय वगळतात, हे पाहण्यासारखे आहे. ‘ग्रान टुरिझ्मो’च्या पहिल्या भागांत इंजिनाचा आवाज, गीअरचे प्रमाण, सस्पेन्शनचे बारकावे सारे जागच्या जागी होते, पण भिंतीवर कितीही जोरात आदळा, मोटारीला पोचा येत नसे. गाड्या मोडू लागल्या त्या २०१० मधल्या पाचव्या भागापासून, त्याही बेतानेच. उलट ‘बर्नआउट’ या मालिकेने कोणत्याही कंपनीचे नाव नसलेल्या काल्पनिक मोटारी घेतल्या आणि पत्र्याच्या चुरगळण्याचाच उत्सव मांडला. तिथे टक्कर हे बक्षीस होते. म्हणजे जो खेळ स्वतःला वास्तववादी म्हणवत होता तो सर्वांत कठोर वास्तवाकडे पाठ फिरवून बसला, आणि जो पोरकट ठरला त्याने लोखंडाच्या नश्वरतेकडे निदान डोळे उघडून पाहिले. लेसरने मोजून रचलेल्या शर्यतीच्या मार्गावर डांबराचा प्रत्येक उंचवटा सापडतो, पण म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून मिरच्या आणि पोर्तुगीज काळापासून चालत आलेले चोरिस घेऊन आडवी येणारी गर्दी सापडत नाही. प्रत्येक वास्तववाद ही एक निवड असते, आणि निवडीमागे निवडणाऱ्याचा स्वभाव असतो.

फ्रेंच विचारवंत रॉजे कायवा यांनी १९५८ च्या आपल्या ग्रंथात खेळांच्या चार वृत्ती सांगितल्या: स्पर्धा, दैव, सोंग आणि भोवळ. मोटारशर्यतीच्या खेळात चारही एकत्र येतात. सिम्युलेशन स्पर्धा आणि सोंग यांच्याकडे झुकते, आर्केड दैव आणि भोवळ यांच्याकडे. यालाच आपल्या परंपरेच्या भाषेत मी कर्म आणि कृपा म्हणेन. सिम्युलेशनच्या जगात केलेले कुठेही जात नाही: पहिल्या फेरीत टायर उधळलेत तर दहाव्या फेरीत ते तुम्हाला सोडून जातात, आणि तक्रार ऐकायला कोणी नसते. निन्टेन्डोच्या ‘मारिओ कार्ट’मध्ये मात्र मागे पडलेल्याच्या हाती सर्वांत प्रभावी अस्त्रे पडतात आणि आघाडीवरच्याच्या वाट्याला केळीची साल, १९९६ च्या भागात तर पुढच्याला शोधत जाणारे निळे कासवकवच आले आणि अग्रस्थानाचा अहंकारच धोक्यात आला. आजी, नातू आणि शेजारची मुलगी एका कोचावर बसून एकत्र खेळू शकतात ती या कृपेमुळे. निव्वळ कर्माच्या जगात माणूस तयार होतो, पण एकटा पडतो. निव्वळ कृपेच्या जगात सोबत मिळते, पण हात शिकत नाही. दोन्हींची भूक असणे हा दुबळेपणा नव्हे, तो मनुष्यस्वभाव आहे.

२०२२ च्या फेब्रुवारीत ‘नेचर’ या नियतकालिकाच्या पानांवर एक शर्यत गाजली. सोनीच्या संशोधकांनी घडवलेल्या ‘सोफी’ नावाच्या कृत्रिम बुद्धीने ‘ग्रान टुरिझ्मो’त जगातल्या अव्वल मानवी खेळाडूंना मागे टाकले होते. वेग ती शिकली; पण दुसऱ्याला धक्का न देता, त्याची वाट न अडवता पुढे जाण्याचा शिष्टाचार शिकवणे हे तिच्या गुरूंपुढचे वेगळे आणि अवघड काम ठरले. मला त्या वृत्तात हेच अधिक भिडले. नियमांची पूर्तता यंत्राला जमते, मर्यादेची जाणीव मात्र त्याच्यात कोणाला तरी घालावी लागते. आणि बिनकामाचे घसरत घसरत वळण घेण्यातली मजा, जिच्यापायी दोन सेकंद हसत हसत वाया घालवावेत, ती तर कोणत्याही हिशेबात बसत नाही.

खेळ आणि रस्ता यांच्यामधली भिंत कधी कधी पातळ होते. ब्रिटनचा जान मार्डनबरो २०११ मध्ये ‘ग्रान टुरिझ्मो’ खेळता खेळता स्पर्धा जिंकून खरा शर्यतपटू झाला आणि दोनच वर्षांत ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत आपल्या गटात तिसऱ्या स्थानापर्यंत पोचला. पडद्यावर शिकलेला संयम डांबरावर उपयोगी पडला. पण २०१५ मध्ये नुर्बुर्गरिंगवर त्याची मोटार हवेत उडून कठड्यापलीकडे गेली आणि एका प्रेक्षकाचा जीव गेला. आपल्याकडे कोलवाळचा पूल ओलांडून पेडण्याकडे जाणारा महामार्ग आता ऐसपैस झाला आहे, २०२३ च्या जानेवारीपासून मोपाच्या विमानतळावर विमाने उतरत आहेत, आणि रात्री त्या मोकळ्या रस्त्यावर दुचाक्यांचे आवाज तारस्वराला पोचलेले ऐकू येतात. गोव्याच्या रस्त्यांवर दरवर्षी दोनशेहून अधिक माणसे मरतात. त्या रस्त्याला पहिले दार नाही आणि दुसरेही नाही. तिथली धर्मी फक्त एकच, आणि ती ना नाट्याची ना खेळाची.

म्हणून माझा निवाडा साधा आहे. खेळ वास्तवाच्या किती जवळ गेला यावर त्याची प्रतवारी लावू नये. स्वतः घालून घेतलेला नियम तो शेवटपर्यंत पाळतो का, आणि खेळणाऱ्याला त्या नियमाच्या आत मोकळे वाटते का, एवढेच पाहावे. घरात मूल असेल तर त्याला दोन्ही दारांतून जाऊ द्या, आधी आर्केडच्या, मग परवान्याच्या. आणि वाचकहो, ते अठरा वर्षांचे होईपर्यंत स्कूटरची किल्ली त्याच्या हाती देऊ नका.