परगांवची बाळंतीण

दिवाळी झाली कीं अक्राणी महालांतील धडगांवच्या भोंवतालचे पाडे रिकामे होऊं लागतात. सातपुड्याच्या उतारावरील पावरा व भिल्ल कुटुंबें खरिपाचें पीक घरांत घेऊन गुजराथची वाट धरतात. कोणी बारडोलीकडे उसाच्या तोडीस, कोणी सौराष्ट्रांत कापसाच्या वेचणीस. होळीपूर्वीच्या भोंगऱ्या बाजारास पुष्कळजण परततात; कित्येकांस मात्र उसाचा हंगाम संपेपर्यंत घर दिसत नाहीं. ह्या जाणाऱ्यांत गर्भवती स्त्रियाही असतात, आणि त्यांच्या निमित्तानें एक जुनाच नीतिप्रश्न आमच्यापुढें उभा राहतो. जी सेवा सर्वांसाठीं म्हणून राज्यानें जाहीर केली, तिच्यांतील ‘सर्व’ ह्या शब्दाची गणती कोणत्या गांवच्या वहीवरून करावयाची?

राज्यानें कांहींच केलें नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. 2005 सालीं जननी सुरक्षा योजना आली. 2011 पासून सरकारी दवाखान्यांतील बाळंतपण, औषधपाणी व नेआण विनामूल्य झाली. 2015 पासून आदिवासी भागांतील गर्भवतीस अमृत आहार योजनेखालीं अंगणवाडींत एक वेळचें चौरस जेवण मिळूं लागलें. सरदार सरोवराच्या फुगवट्यानें तुटलेल्या नर्मदाकांठच्या वस्त्यांकडे नावेंतून दवाखाना जातो. रस्ता नाहीं तेथून बांबूस बांधलेल्या झोळींत घालून रोगी अजूनही खांद्यावरून आणावा लागतो हें खरें. पण तो दोष रस्त्यांचा, तत्त्वाचा नव्हे.

तत्त्वाचा दोष निराळा आहे. ही सारी रचना स्त्री एका जागीं राहते ह्या गृहीतावर उभी आहे. आशा कार्यकर्तीस एक गांव, परिचारिकेस एक उपकेंद्र, अंगणवाडीस एक हजेरीपट. आतां साधा हिशेब पाहा. वर्षाचे महिने बारा. त्यांतले पांच परमुलखांत गेले तर घरीं राहिले सात. गर्भारपण नऊ महिन्यांचें, आणि नऊ सातांत कोणत्याही त्रैराशिकानें बसत नाहींत. म्हणजे दरवर्षीं तोडीस जाणाऱ्या स्त्रीचें एकही गर्भारपण आरंभापासून अखेरपर्यंत एकाच परिचारिकेच्या नजरेखालीं पुरें होणें शक्य नाहीं. ज्याला आपण अपवाद म्हणून बाजूस सारतों, तो तिच्यापुरता नियमच आहे.

‘मग तिनें त्या वर्षीं घरीं राहावें,’ असें आमचे एक विद्वान स्नेही म्हणाले. त्यांस ऊसतोडीचा व्यवहार ठाऊक नसावा. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी; बायको मागें राहिली कीं कोयता अर्धा झाला, उचल मात्र फेडावयाचीच. शिवाय धडगांवास हिवाळ्यांत काम कोठें आहे?

दारांत कळा देत आलेल्या स्त्रीस कोणताही सहृदय डॉक्टर परत लावणार नाहीं, असें आपण स्वतःस समजावतों. परंतु प्रसूति हा शेवटचा प्रसंग आहे. त्यापूर्वीं रक्त पाहावें लागतें, रक्तदाब मोजावा लागतो, लोहाच्या गोळ्या पोंचाव्या लागतात. सातपुड्याच्या ह्या जमातींत सिकलसेलचा आजार पुष्कळ आढळतो, आणि गर्भारपणीं तो जिवावर बेतूं शकतो. तो कोणास आहे हें धडगांवच्या कागदावर लिहिलेलें असेल, पण बारडोलीच्या पडावावर तो कागद वाचणार कोण, आणि पावरींतून विचारणार तरी कोण? माणुसकीचा पाझर ऐनवेळीं फुटतो. मातृसेवा ऐनवेळेपूर्वींची असते.

प्रश्न आपलाच नव्हे. इंग्लंडांत 1662 च्या वसाहतीच्या कायद्यानें गरिबांचा भार ज्या त्या धर्मग्रामावर टाकला; परिणाम असा कीं होणारें मूल आपल्या माथीं पडूं नये म्हणून गांवचे अधिकारी निराधार गर्भवतीस शिवेपलीकडे घालवीत. 5 जुलै 1948 रोजीं त्याच देशानें सर्वांसाठीं राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू केली. पण तेथें कायमच्या वास्तव्याचा हक्क नसलेल्या कित्येक परदेशी स्त्रियांस आज बाळंतपणाचें बिल दीडपट दरानें येतें. सेवा नाकारीत नाहींत हें कबूल. परंतु बिलाच्या धास्तीनें पाऊल उशिरां वळतें, हें सांगावयास नकोच. आमची स्त्री तर परदेशीही नव्हे. ती केवळ एका राज्यांतून दुसऱ्यांत गेलेली.

हक्काचा पाया कोणता मानावा? रहिवास म्हणावा, तर तो तिच्याजवळ दोन्हीकडे अर्धाच. श्रम म्हणावे, तर तिनें तोडलेल्या उसाच्या साखरेनें आपला चहा गोड होतो. पण ह्या युक्तिवादावर आमचा भर नाहीं, कारण पोटांतल्या जिवानें अजून कोणाची चाकरी केलेली नाहीं, आणि केली नाहीं म्हणून त्याचा हक्क उणा होत नाहीं. उरते ती गरज. 1946 सालीं भोर समितीनें पैशाअभावीं कोणीही वैद्यकीय मदतीवांचून राहूं नये असें म्हटलें, तेव्हां तिचा पाया हाच होता.

ह्यावर एक आक्षेप खरोखर वजनाचा आहे. गरज सर्वांची म्हटली कीं जबाबदारी कोणाचीच राहत नाहीं. वही फाडली तर परिचारिकेस कोणाच्या घरीं जावें हेंही कळणार नाहीं. आम्हांस हें मान्य आहे. परंतु ऋणको राज्य आहे. गांवची वही ही ऋण कोठें फेडावयाचें त्याची केवळ खूण. धनको जागा बदलतो म्हणून ऋण बुडत नाहीं. दारिद्र्यरेषेखालील स्त्री एका राज्यांतून दुसऱ्यांत गेली तरी तिचे लाभ तिच्याबरोबर गेले पाहिजेत, असें दिल्ली उच्च न्यायालयानें 2010 सालीं सांगितलें. 2019 पासून सुरू झालेल्या योजनेनें शिधापत्रिकेस राज्याची शीव ओलांडतां येऊं लागली. धान्याचें पोतें जें करूं शकतें, तें रक्ताच्या तपासणीच्या कागदास अशक्य असावें, ह्यांत आम्हांस अडचण यंत्राची दिसत नाहीं, इच्छेची दिसते.

मालमोटार पाड्यावरून निघते तो दिवस गुप्त नसतो. मुकादमाच्या वहींत कोयते किती हें बिनचूक लिहिलेलें असतें. त्यांतल्या कोणत्या कोयत्यांत गर्भवती आहे हा एक रकाना त्याच वहींत वाढविणें, आणि मोटार पोंचण्याआधीं ती यादी पलीकडच्या परिचारिकेच्या हातीं देणें, ह्यास कोणत्या नव्या कायद्याची गरज आहे?