दहा रुपयांचं तिकीट

उभा राह. आता मान खाली कायले? नोटीस बोर्डावर कागद चिकटवताना तर ताठ होती. ‘गॅदरिंग स्पेशल, कोरियन पिक्चर, तिकीट 10 रुपये.’ हॉल कॉलेजचा, प्रोजेक्टर कॉलेजचा अन् पिक्चर टेलिग्रामवरून उतरवलेला! वा रे पोट्ट्या, बिनभांडवली धंदा काढला.

वर्गात काय बोललास? “कोरियावाले काय चांदूर बाजारात येऊन रायले, सर?” नाही येत. त्यांना यायची गरजच नाही. कॉपीराइटचा बर्न करार 1886 चा. भारत त्यात 1928 पासून आहे, कोरिया 1996 पासून. त्यांच्या पिक्चरचे हक्क इथं आपल्या मराठी पिक्चरइतकेच पक्के. इथलं पोलीस ठाणं पुरेसं आहे.

तो मागच्या बाकावरचा हसू नको. “सेन्सॉर सर्टिफिकेट असलं की चालते ना?” हे तुझंच ज्ञान. नाही चालत. पिक्चर कोणत्या वयाच्यानं पाहावा, एवढंच ते मंडळ ठरवतं. दाखवायची परवानगी निर्मात्याकडून नाहीतर वितरकाकडून घ्यावी लागते, बहुतेक वेळा पैसे मोजून. या पठ्ठ्याजवळ दोन्ही कागद नाहीत.

“पिक्चर तर त्यांच्यापाशीच राह्यला” म्हणतोस? उद्या रातच्याले कोणी तुमचा आंबिया बहार तोडून नेला, तर ‘झाडं तर जागेवरच आहेत’ असं बाबांना सांगशील?

अठरा पूर्ण झाली ना? मग ऐक. 2023 ला सिनेमॅटोग्राफ कायदा बदलला. चोरीची प्रत नफ्यासाठी लोकांना दाखवली, तर 3 महिने ते 3 वर्षं कैद आणि दंड किमान 3 लाख. तुझी 30 हजार तिकिटं खपली, तरच तो फिटेल. आणि आपल्या राज्याचा तो एमपीडीए कायदा, ज्यात वर्षभर स्थानबद्ध करता येतं, त्याच्या यादीत हातभट्टीवाले, झोपडपट्टीदादा, वाळूतस्कर आणि व्हिडिओ पायरेट एकाच ओळीत बसवलेत. मुलाची सोबत कोणाशी, हे आईला सांगशील का?

ज्यांनी ज्यांनी पैसे दिले त्यांची यादी कर, आजच परत दे, सह्या घे. फाइल माझ्यासमोर पुस, ग्रुपवरची लिंकही. गॅदरिंगला पिक्चर हवाच असेल, तर वितरकाला रीतसर पत्र लिही: तारीख, जागा, प्रेक्षक किती, तिकीट आहे की नाही. मसुदा सोमवारी माझ्या टेबलावर पाहिजे. ऱ्हस्व-दीर्घ तपासणार आहे.