एकच गिऱ्हाईक

१९७२ साली महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी आली. व्यापारी लुटत होता, म्हणून कापूस सरकारलाच घालायचा. पण एका दावणीचं सोडून दुसऱ्या दावणीला बांधलं, तर जनावर मोकळं झालं का?

२००२ चा स्पर्धा कायदा म्हणतो, एकालाच माल देण्याचा करार बाजारातली स्पर्धा मारत असेल तर तो बाद. हे झालं मालाचं. मेडशीच्या शिवारात माझी माय कापूस वेचते. उचल घेतली की हंगामभर तेच वावर. शेजारी किलोमागं रुपया जास्त मिळो, जायचं नाही. १९७६ पासून वेठबिगारी बंद आहे, पण उचलीला गावात वेठबिगारी कोण म्हणतं? १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाचं बिल मांडलं, तेव्हाही भांडण ह्याच बांधलेपणाशी होतं.

मित्रांनो, शेतकऱ्याच्या मोर्च्यात मी जाईन. मायच्या उचलीचं मात्र तिथंच विचारीन.