संकेताचे प्रामाण्य आणि नवे मेटल डिटेक्टर

ज्ञान खरे आहे हे त्या ज्ञानाबरोबरच कळते की त्यासाठी आणखी कशाचा तरी आधार लागतो, या प्रश्नावर भारतीय दर्शनांत शतकानुशतके वाद झाला. ज्ञानाच्या या खरेपणाला परिभाषेत प्रामाण्य म्हणतात. मीमांसकांच्या मते ते स्वतः असते, म्हणजे ज्ञान होताच ते खरे धरले जाते आणि त्याला खोटे पाडणारे दुसरे ज्ञान आले तरच मागे घ्यावे लागते. नैयायिकांच्या मते ते परतः, म्हणजे बाहेरून ठरते, आणि त्याची कसोटी म्हणजे सफल प्रवृत्ती, अर्थात त्या ज्ञानावर विसंबून केलेली कृती फळाला येणे. दुरून पाणी दिसले, तहानलेला माणूस तिथवर गेला आणि पाणी प्यायला, की आधीचे दर्शन मृगजळाचे नव्हते हे सिद्ध होते. इंग्लंडमधील नांगरलेल्या शेतांत मेटल डिटेक्टर घेऊन जुनी नाणी शोधणाऱ्या हौशी माणसांपुढे हा वाद पावलोपावली उभा राहतो, आणि सवयीचे यंत्र ठेवून नवे, अधिक प्रगत यंत्र हाती घेणाऱ्यापुढे तर तो फारच निकडीने येतो.

यंत्राला नाणे दिसत नाही, ही यातली पहिली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट. दांड्याच्या टोकाशी असलेल्या चकतीत, म्हणजे कॉइलमध्ये, तारेची वेटोळी असतात. त्यांतून सतत दिशा बदलणारा विद्युतप्रवाह सोडला की भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते, त्यामुळे जमिनीतील धातूत भोवऱ्यासारखे फिरणारे प्रवाह उठतात, आणि त्या प्रवाहांचे क्षीण क्षेत्र कॉइल पुन्हा टिपते. मूळ लहरीच्या मानाने हे उत्तर किती मागे रेंगाळले, यावरून यंत्र धातूची विद्युतवाहकता आणि आकार यांचा एकत्र अंदाज घेऊन एक आकडा आणि एक स्वर देते. नैयायिकांच्या न्यायदर्शनाच्या भाषेत हा आकडा म्हणजे लिंग, म्हणजे न दिसणाऱ्या वस्तूची खूण, आणि त्यावरून नाण्यापर्यंत पोचणे म्हणजे अनुमान. अनुमान टिकते ते व्याप्तीवर, म्हणजे खूण आणि वस्तू यांच्या कधीही न तुटणाऱ्या साहचर्यावर. परंतु सोन्याची पातळ अंगठी आणि शीतपेयाच्या डब्याची ओढून काढायची ॲल्युमिनियमची कडी यांचे आकडे बहुधा इतके जवळ पडतात की इथे व्याप्तीत व्यभिचार, म्हणजे नियमभंग, जन्मजातच आहे.

प्रगत यंत्र हा दोष कमी करते, नाहीसा करत नाही. जुनी बरीच यंत्रे एकाच वारंवारतेवर चालत. नवी एकाच वेळी अनेक वारंवारता वापरून एकाच वस्तूची अनेक उत्तरे ताडून पाहतात. 2018 साली बाजारात आलेल्या मायनलॅब कंपनीच्या इक्विनॉक्स यंत्रात आकडे उणे 9 पासून 40 पर्यंत जातात, तर त्याच कंपनीच्या पुढच्या मँटिकोर यंत्रात ते 0 पासून 99 पर्यंत आहेत. चांदीचे नाणे अमुक आकड्यावर येते अशी ज्याची वर्षानुवर्षे खात्री झालेली असते, त्याची ती खात्री यंत्र बदलताच निराधार होते, कारण तो आकडा नाण्याचा गुणधर्म कधीच नव्हता. नाणे, माती आणि यंत्र या तिघांच्या संबंधातून तो उपजलेला होता.

या ठिकाणी माणिक्यनंदींच्या परीक्षामुखाच्या परंपरेतील जैन तार्किकांनी केलेला भेद फार उपयोगी पडतो. त्यांच्या मते परिचित विषयात, म्हणजे अभ्यासदशेत, प्रामाण्य स्वतः कळते आणि अपरिचित विषयात, म्हणजे अनभ्यासदशेत, ते परतः कळते. सरावलेल्या शोधकाला स्वर कानी पडताच ‘हे नाणे’ असे वाटते आणि त्याला ताळा घ्यावासा वाटत नाही. नव्या यंत्राने तोच माणूस पुन्हा अनभ्यासदशेत येतो, फरक एवढाच की जुने संस्कार पुसले गेलेले नसल्याने खात्रीची भावना मात्र तशीच राहते. म्हणून नवशिक्यापेक्षा जाणत्यालाच हे शिक्षण जड जाते, असे म्हणावे लागते. वाकलेल्या लोखंडी खिळ्यावरून कॉइल एका दिशेने फिरवली तर चांदीसारखा उंच, स्वच्छ स्वर येऊ शकतो; तिथेच काटकोनात वळून पुन्हा फिरवली की स्वर तुटतो आणि आकडा घसरून लोखंडाकडे जातो. हे वळून पाहणे म्हणजे न खोदता केलेली परीक्षाच आहे, आणि ती करण्याची शिस्त ज्याला अजून शंका घेता येते त्यालाच लागते.

संकेताइतकाच मौनाचाही प्रश्न आहे. मीमांसक कुमारिलांनी अनुपलब्धी, म्हणजे वस्तू न आढळणे, हे अभावाच्या ज्ञानाचे स्वतंत्र प्रमाण मानले; पुढे त्यावर अशी मर्यादा स्पष्टपणे घातली गेली की वस्तू असती तर आढळलीच असती अशी योग्यता असेल तरच न आढळण्याला अर्थ आहे. लोखंड गाळण्याची सोय यंत्रात चालू असली की खिळ्याशेजारचे चांदीचे नाणेही गप्प होऊ शकते, आणि अशी जागा रिकामी ठरवणे म्हणजे योग्यतेवाचून अभाव मानणे होय. याचे जुने उदाहरणही आहे: 1881 साली गोळी लागलेल्या अमेरिकन अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातील गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्राहम बेल यांनी विद्युतसंतुलनाचे यंत्र वापरले. पलंगावरील गादीतील धातूच्या स्प्रिंगांनी संकेत गढूळ झाले असे मानले जाते, आणि डॉक्टरांनी गोळी उजवीकडेच आहे असे धरून शोध तेवढ्यापुरताच होऊ दिला, तर शवविच्छेदनात ती डावीकडे निघाली. तिथे यंत्राइतकाच आधीचा समजही आड आला होता.

नैयायिकांची कसोटी इथे एका बाबतीत अपुरी पडते, आणि तेच या प्रश्नाचे सर्वांत गंभीर अंग आहे. पाणी पिऊन तळे बिघडत नाही. पण खोदल्याने मातीचे थर विस्कटतात आणि वस्तू कोणत्या थरात, कशाशेजारी होती हे ज्ञान कायमचे जाते. शिकणाऱ्याला तर प्रत्येक संकेत खोदूनच शिकावे लागते. यावर वाट एवढीच की सराव ओळखीची नाणी स्वतःच्या अंगणात पुरून किंवा नांगराने आधीच उलथलेल्या वरच्या मातीत, जमीनमालकाच्या परवानगीने करावा, आणि त्याखालची न हललेली माती तशीच राहू द्यावी. 1992 साली सफोक परगण्यातील हॉक्सन येथे हरवलेला हातोडा शोधताना रोमन काळातील सोन्याचांदीचा प्रचंड साठा लागला, तेव्हा शोधणाऱ्याने वर आलेली थोडी नाणी व दागिने हाती घेऊन खोदकाम थांबवले आणि अधिकाऱ्यांना कळवले. म्हणूनच पुरातत्त्वज्ञांना पेटीच्या आत लहान पेट्या कशा रचल्या होत्या हेही मातीतून वाचता आले. पुढे तो हातोडाही सापडला, आणि तो आज त्या साठ्याबरोबर ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहे.