रात्री पावणेतीनचा कोराल

चि. निशांत,

फेब्रुवारीत ब्रिटनचा दौरा आणि कार्यक्रमात ब्राम्सची पहिली सिम्फनी, हे वाचून आनंद झाला आणि जराशी काळजीही वाटली. व्हायोलिनवाल्यांना पहिल्या मात्रेपासून काम असतं. डोळे मिटायला लागले तरी हात चालू राहतो. तुम्हा ट्रॉम्बोनवाल्यांना ब्राम्सने तीन भाग नुसतं बसवून ठेवलंय. वाद्य तोंडाला लागतं ते थेट चौथ्या भागात, आणि तिथे स्तोत्रासारखा कोराल वाजवायचा तोही गरजून नव्हे, अगदी हळुवार.

आता हिशेब मांड. हिवाळ्यात ब्रिटनचं घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे असतं. साडेसातचा कार्यक्रम म्हणजे तुझ्या शरीराच्या लेखी रात्रीचा एक. मध्यंतर होऊन कोरालपाशी पोचशील तेव्हा आत पावणेतीन वाजलेले असतील. सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २०१९ च्या फेब्रुवारीत तबलावादक झाकीर हुसेन यांना घेऊन तिकडे गेला, तेव्हा त्यांच्यापुढेही हेच साडेपाच तास होते. सकाळच्या तालमीवरून मात्र स्वतःला जोखू नकोस. तिथली दहाची तालीम म्हणजे आपले दुपारचे साडेतीन. त्या वेळी सगळेच तरतरीत असतात आणि ‘मला जेट लॅग होतच नाही’ असं सांगत फिरतात. त्यातलेच काही संध्याकाळी विश्रांतीचे बार मोजताना चुकतात.

शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण तासभर सरकतं, आणि त्याला सरकवतो तो प्रकाश. पश्चिमेकडे जाताना ते मागे न्यायचं असतं, म्हणून संध्याकाळचा उजेड तुझ्या कामाचा. रंगमंचावरचे दिवे आयतेच मिळतात. कार्यक्रमाआधी खोलीत अंधार करून पडून राहण्यापेक्षा दुपारी बाहेर फिरून ये. निघण्याआधीच्या दोन-तीन रात्री तास-तासभर उशिरा झोप; मुंबईकराला ते कुणी शिकवायला नको.

खरी परीक्षा पहाटे तीनला. जाग येणारच, कारण आपल्याकडे साडेआठ वाजलेले असतात. त्या वेळी दिवा लावायचा नाही आणि मोबाईल तर हातातच घ्यायचा नाही. त्या वेळच्या उजेडाने घड्याळ उलट्या दिशेला, म्हणजे मुंबईकडे ओढलं जातं. झोप नाही आली तरी अंधारात पडून राहा आणि हवं तर मनातल्या मनात स्लाइडच्या जागा मोज.

दुपारी डुलकी घ्यायची तर वीस-पंचवीस मिनिटांची, गजर लावून. जास्त लांबली तर डोकं जड होतं, आणि जड डोक्याला पहिली गोष्ट जमत नाही ती म्हणजे मंद स्वराची सुरुवात. झोपेच्या गोळ्या किंवा मेलाटोनिन घ्यायचं असेल तर डॉक्टरांना विचारून, आणि पहिला प्रयोग इथे घरी. परगावी, कार्यक्रमाच्या दिवशी मुळीच नाही. कॉफीचं म्हणशील तर मध्यंतरात अर्धा कप चालेल. तिचा असर व्हायला अर्धा तास लागतो, म्हणजे नेमका शेवटच्या भागाला. पण रोज पीत असशील तरच. सवय नसलेल्या कॉफीने ओठ थरथरले तर तो स्वर कुणी सावरू शकत नाही.

बसून राहण्याच्या त्या अर्ध्या तासाबद्दल नीट ऐक. पितळ थंड झालं की सूर उतरतो. म्हणून दुसरा भाग संपत आला की आवाज न करता वाद्यातून गरम श्वास सोडत राहा. बुटात पायाची बोटं हलव, पाठ खुर्चीला टेकवू नकोस. आणि शेजारच्या बास ट्रॉम्बोनवाल्याशी आधीच ठरवून ठेव की तिसरा भाग संपताना एकमेकांकडे बघायचं. याची लाज वाटून घेऊ नकोस. आमच्या नेव्हीच्या बँडमध्ये कोपरखळी हा मान्यताप्राप्त इशारा होता.

विमानात आणि हिटर लावलेल्या खोलीत हवा फार कोरडी असते. पाणी पीत राहा, ओठांना काय लावतोस ते इथूनच घेऊन जा.

तिकडचं सगळे विचारतात. परतीचं कुणी विचारत नाही, कारण परतल्यावर कार्यक्रम नसतो. पण पूर्वेकडे येणं जास्त जड जातं. आपल्या आतला दिवस चोवीस तासांहून किंचित मोठा असतो, त्याला लांबवणं सोपं, आखडणं अवघड. दोन आठवड्यांनी येशील तेव्हा तुझ्या शरीराची ऐन पहाट इथल्या सकाळी दहाच्या सुमारास असेल. म्हणून पहिल्या दिवशी दहाच्या आधी कडक ऊन टाळ, टॅक्सीत गॉगल लाव. दहानंतर तासभर उन्हात फिर आणि रोज ही वेळ थोडी अलीकडे आण.

त्या आठवड्यात लग्नाची सुपारी घेऊ नकोस. बँडवाल्यांशी माझं बोलणं झालंय, तुझ्या जागी दुसरा मुलगा उभा राहील. पैशांचं आईला मी समजावतो.

तुझा,
काका