झाकली मूठ आणि भागीचा व्यवहार

झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण आपण अभिमानाने सांगतो. एकट्याच्या संसारात ती शोभतेही. परंतु दोघांनी मिळून माल विकावयास काढला, की तीच मूठ संशयाचे घर होते. भागीचे घोडे किवणाने मेले, असेही आपल्याच वाडवडिलांनी सांगून ठेवले आहे. ते घोडे वैराने मरत नाही; जखम झाल्याचे एकाने दुसऱ्यास वेळीच न सांगितल्याने मरते.

ह्यावर सज्जन विचारतात : जेथे विश्वास आहे, तेथे हिशेब मागणे हा अपमान नव्हे काय?

ह्याचे उत्तर आपल्या सुरत जिल्ह्याच्या दूधव्यवसायात सापडते. १९५१ साली येथे ‘सुमूल’ हा दूध उत्पादकांचा सहकारी संघ निघाला. पुढे १९७३ साली गुजरातेतील जिल्हा संघांनी बाजारात एकमेकांशी झुंजण्याऐवजी मिळून विक्री करावी म्हणून महासंघ उभारला. खेडा जिल्ह्याच्या संघाने लौकिकास आणलेले ‘अमूल’ हे नाव इतर जिल्ह्यांत तयार झालेल्या मालावरही लागू लागले. ह्यातील जोखीम केवढी! एका ठिकाणी भेसळ झाली, तर बट्टा सर्वांच्या नावास. अशा व्यवहारास नुसती सद्भावना पुरत नाही. त्याचा आधार गावच्या दूधमंडळीत आहे. तेथे सभासदाचे दूध चारचौघांदेखत मोजतात, त्यातील स्निग्धांश तपासतात व त्यावरून भाव देतात. सरपंचाचे दूध असो वा एका म्हशीवर पोट भरणाऱ्या विधवेचे, माप एकच. म्हणून तपासणीचा कोणास राग येत नाही.

तात्पर्य, एकट्यालाच हिशेब विचारणे हा अपमान होय. सर्वांनी न विचारता दाखविणे हा शिष्टाचार होय. त्याचा आरंभ मात्र ज्याच्या हाती वही आणि गल्ला आहे, त्याने केला पाहिजे. दुबळ्या भागीदारास विचारण्याचेही धैर्य होत नाही.

ह्याचा अर्थ सर्वच गुपिते चव्हाट्यावर मांडावीत असा नव्हे. कारागिराने आपली हातोटी स्वतःपाशी ठेवावी. परंतु खर्च, दिलेली सूट, गिऱ्हाइकाची तक्रार, ज्यात सहकाऱ्याचे हित वा नाव गुंतले आहे, ते त्यास कळलेच पाहिजे. नफ्याची वार्ता आपोआप पोहोचते. खरी कसोटी तोटा सांगण्यात आहे. तो त्याच दिवशी सांगितला, तर दोघे मिळून उपाय करतात. महिन्याने तिसऱ्याकडून कळला, तर पैशाआधी माणूस गमावतो.

‘देव साक्षी आहे’ असे म्हणून पुष्कळ जण कागद टाळतात. पुजाऱ्याच्या घरी वाढलेल्या मला ते वचन अपुरे वाटते. दानपेटी देवासमोर असते, तरी तिची मोजणी एकट्याने करू नये, हेच उचित. मनातील हेतूला देव साक्षी असावा. जे माणसांना दिसू शकते, त्यास माणसांचीच साक्ष हवी.

सचिनसारख्या उद्योगाच्या गावी भागीने धंदा आरंभणाऱ्या तरुणांनी प्रथम वही दोघांच्या मध्ये उघडी ठेवावी. नारळ त्यानंतर फोडावा.