भाड्याने मालक पाहिजे

पैसे मोजणाऱ्याचं ऐकायचं, हा जगाचा सर्वमान्य नियम आहे. भाजीवाल्यापासून बँडवाल्यापर्यंत सगळे तो पाळतात. वरातीत ज्यांच्या खिशातून नोटा निघतात त्या मामांच्या आवडीचंच गाणं वाजतं. पण या नियमाला एक सन्माननीय अपवाद आहे. काही माणसांना आपण पैसे देतो ते त्यांनी आपलं ऐकावं म्हणून नव्हे, तर आपण त्यांचं ऐकावं म्हणून. डॉक्टर हा त्यातला ठळक नमुना. फी आपण द्यायची आणि बोलणीही आपणच खायची. ‘पोट बघा किती सुटलंय!’ हे वाक्य कुणी फुकटात ऐकवलं असतं, तर आपण त्याच्याकडे चहाला जाणं सोडलं असतं.

शिडाच्या होडीचा कप्तान याच जातीत मोडतो, हे ज्ञान मला ग्रीसमध्ये झालं.

आमचे साडू गेली तीस वर्षं लंडनला असतात. साडू हे नातं मोठं नाजूक. भावाशी भांडता येतं, मेव्हण्यावर रुसता येतं. साडूशी फक्त तुलना होते. तर या साडूंनी निवृत्त झाल्यावर जाहीर केलं, की सप्टेंबरअखेर आपण सगळ्यांनी अथेन्सजवळ एक होडी आठवडाभर भाड्यानं घ्यायची आणि सारोनिक आखातातली बेटं हिंडायची. एजिना, पोरोस, हायड्रा, स्पेत्सेस. त्या दिवसांत तिथली हवा फार सज्जन असते. ऊन असतं, पण अंगावर धावून येत नाही. समुद्राचं पाणी आपल्याकडच्या दिवाळीच्या अंघोळीइतकं नाही, तरी पोहण्यापुरतं कोमट असतं.

होडी दोन तऱ्हांनी मिळते. नुसती, किंवा कप्तानासकट. नुसती घ्यायची तर तिथं शीडनौकेचा परवाना दाखवावा लागतो, शिवाय जोडीला आणखी एक जाणता माणूस. आमच्यात साडूंकडे मोटारीचा परवाना होता आणि माझ्याकडे टिळक तलावाचा जुना पास. कप्तान घेतला. त्याचा रोजचा मेहनताना वेगळा, आणि जेवणखाण आपल्याकडे. कोकणात ज्याला तांडेल म्हणतात तो हा माणूस. माझ्या डोळ्यांसमोर पांढरी दाढी आणि पाइप होता. प्रत्यक्षात आला तो सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, अनवाणी, कानात बाळी घातलेला पोरगा. साडूंचा चेहरा तिथंच पडला. एवढे युरो मोजून घरच्या चिरंजीवांच्या वयाच्या मुलाचं ऐकायचं!

आणि तो ऐकवायचाही. पाणी जपून वापरा. (हे आम्हाला काय सांगतोस बाबा, आम्ही टँकरवर वाढलेली माणसं!) संडासात कागद टाकू नका. मी ‘बसा’ म्हटलं की बसा, कारण शीड बाजू बदलतं तेव्हा त्याचा आडवा दांडा डोक्यावरून जातो आणि तो डोकं कुणाचं ते विचारत नाही. होडी चालायची ताशी पाच सागरी मैलांनी. एक सागरी मैल म्हणजे १८५२ मीटर, तेव्हा हा वेग साधारण पुण्यातल्या पेन्शनर सायकलस्वाराचा झाला. एजिनाला पोचायला तीन तासांच्या वर लागले. तेवढ्यात माझ्या पत्नीला बोट लागून उतरलीसुद्धा.

प्रश्न उभा राहिला पोरोसला. सकाळी हायड्राला निघायचं होतं. त्या बेटावर मोटारींना बंदी आहे, सामान गाढवं-खेचरं वाहतात, आणि साडूंना त्या गाढवांचे फोटो हवे होते. कप्तानानं हवामानाचा अंदाज पाहिला आणि म्हणाला, ‘आज नाही.’ दुपारी उत्तरेचा वारा सुटेल. हायड्राचं बंदर उत्तरेकडेच तोंड करून बसलंय. शिवाय तिथं होड्यांची एवढी दाटी, की एकाचा नांगर दुसऱ्याच्या साखळीवर पडतो. वाऱ्यात नांगर सुटला तर रात्रभर जागरण.

‘पैसे आपण दिलेत,’ साडू मला मराठीत म्हणाले. मराठी ही परदेशात फार उपयोगी भाषा आहे.

भाची मात्र खूश. ती तिकडे तत्त्वज्ञान शिकते, म्हणजे नेमकं काय शिकते हे तिच्या वडिलांना अजून समजलेलं नाही. ‘काका,’ ती म्हणाली, ‘हे तर प्लेटोनं लिहून ठेवलंय!’ आम्ही निघालो त्या किनाऱ्यावरच पिरेयस बंदर आहे, आणि प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ची सुरुवात सॉक्रेटिस पिरेयसला गेला इथूनच होते. त्याच ग्रंथात जहाजाचा दाखला आहे. जहाजाचा मालक अंगानं दांडगा, पण कानानं कमी, डोळ्यानं अधू, आणि नौकानयनात ढ. खलाशी सुकाणूसाठी मारामाऱ्या करतात. ज्याला तारे-वारे कळतात त्याला सगळे आकाशाकडे बघणारा बावळट ठरवतात. लोकशाहीची ही अवस्था, असं प्लेटोचं म्हणणं.

साडूंनी ‘अंगानं दांडगा’ एवढंच ऐकलं आणि ते आत जाऊन झोपले.

मला हा दाखला पुरता पटत नाही. होडी कशी न्यायची हे कप्तानाला कळतं, कबूल. पण कुठं न्यायची हे त्याला कसं कळावं? ते आपण ठरवायचं. डॉक्टरनं गुडघा बरा करावा. त्या गुडघ्यानं पंढरीला जायचं की सिनेमाला, हे गुडघेवाल्याचं काम. मी हे भाचीला सांगितलं. ती म्हणाली, ‘बरोबर आहे काका. पण आज वारा उत्तरेचा आहे. आता कुठं आणि कसं वेगळं काढून दाखवा.’

अलीकडच्या मुलींशी वाद घालू नये.

तिनंच मग डायोजेनीसची गोष्ट सांगितली. खरी किती हे देव जाणे, त्याच्या मरणानंतर पाचशेहून अधिक वर्षांनी लिहिलेल्या चरित्रात ती आहे. हा कफल्लक तत्त्वज्ञ एजिनालाच निघाला असताना चाच्यांनी त्याला पकडलं आणि क्रीटच्या बाजारात विकायला उभा केला. तुला काय येतं, असं विचारल्यावर म्हणाला, माणसांवर हुकमत चालवता येते. आणि एका भरजरी गिऱ्हाइकाकडे बोट दाखवून सांगितलं, की याला विका मला, याला मालकाची गरज आहे. त्या माणसानं त्याला घेतलं. घरी नेल्यावर हा गुलाम त्याला समजावतो, की वैद्य किंवा सुकाणूवाला गुलाम असला, तरी त्याचं ऐकावंच लागतं ना? तसं माझं ऐक.

माझ्या डोळ्यांपुढे आमच्या कचेरीतले हेडक्लार्क आले. खात्यातलं सगळं त्यांना कळायचं. साहेबांचा हुकूम चुकीचा आहे हे त्यांना साहेबांच्या आधी कळायचं. तरी ते फाइलवर सुबक अक्षरात ‘आदेशानुसार’ लिहीत आणि घरी जात. मी त्यांना भित्रे म्हणणार नाही, पदरात तीन मुली होत्या. पण समुद्रात फाइल नसते, हा त्या पोराचा फायदा की तोटा? त्याचंही पोट आमच्या खुशीवरच होतं. शनिवारी बक्षिसी द्यायची की नाही हे आम्ही ठरवणार होतो, आणि हे ठाऊक असून तो सकाळी ‘नाही’ म्हणाला होता.

तर दुपार झाली. वारा आलाच नाही.

समुद्र तेलाच्या परातीसारखा पडून होता. साडू घड्याळ घेऊन सुकाणूजवळ बसले आणि दर पंधरा मिनिटांनी ‘छान हवा आहे’ असं इंग्रजीत म्हणू लागले. कप्तान दोऱ्या गुंडाळत होता. शेवटी म्हणाला, ‘हो, नाही आला. उद्या सकाळी असाच अंदाज असला तर उद्याही जाणार नाही.’ चेहऱ्यावर ओशाळलेपण औषधाला नाही. मला तो त्या क्षणी फार आवडला. वारा आला असता तर त्याला शहाणा म्हणायला अक्कल लागली नसती.

दुसऱ्या दिवशी अंदाज बरा होता. हायड्रा झालं, गाढवांचे चाळीस फोटो झाले. दिवस कमी पडला म्हणून स्पेत्सेस राहिलं.

शुक्रवारी रात्री साडू पाकीट आणि कॅल्क्युलेटर घेऊन माझ्याकडे आले. ‘बक्षिसीतून स्पेत्सेस वजा करावं म्हणतो.’

मी म्हटलं, ‘अहो, गेल्या वर्षी तुमच्या छातीत दुखलं, तेव्हा इथं मुंबईतच डॉक्टरनं सगळ्या तपासण्या करवल्या. काही निघालं नाही. म्हणून तुम्ही फी परत मागितलीत का?’

‘मागितली होती,’ साडू म्हणाले. ‘दिली नाही.’